बर्वेनगर, एक सीट

घाटकोपरला पश्चिमेला उतरलं, की मेट्रोच्या पुलाखालच्या गर्दीतून वाट काढताना आधी कानावर येते ती हाक: "बर्वेनगर, भटवाडी, एक सीट, एक सीट!" गेल्या महिन्यात एका संध्याकाळी मी त्या एका सीटवर बसले, दोघांच्या मधे. डावीकडे कॉलेजातला मुलगा, मांडीवर सॅक. उजवीकडे पिशवीत मेथीच्या जुड्या कोंबलेल्या एक बाई. मेथीच्या ओल्या मातीचा वास आणि इंजिनाची ऊब एकत्र अंगावर येत होती. रिक्षा चढणीला लागली तसा तो मुलगा पुढे वाकला आणि रिक्षावाल्याला म्हणाला, "भैया, ये बर्वे कौन था? बिल्डर था क्या?" रिक्षावाला म्हणाला, "मालूम नहीं. स्टॉप का नाम है." बाई म्हणाल्या, "असेल कुणीतरी जुना नगरसेवक." मुलाला तेवढं पुरलं. तो परत मोबाइलमध्ये शिरला.

मला उत्तर ठाऊक होतं. मी बोलले नाही.

घरी आल्यावरही ते मनातून जाईना. महापालिकेच्या शाळेत शिकवता शिकवता माझी तीस वर्षं होत आली. मुलानं प्रश्न विचारला आणि मी उत्तर गिळलं, असं माझ्याकडून होत नाही. आधी वाटलं, दमले होते म्हणून झालं असेल. पण तसं नव्हतं. सांगायचं तर सुरुवात कुठून करायची, हे कळेना. "बर्वे आपल्या भागाचे खासदार होते" असं म्हटलं असतं, तर त्यानं साहजिकच विचारलं असतं, "मग काय केलं त्यांनी?" आणि खासदार म्हणून त्यांना काही करायला मिळालंच नाही, निवडून आल्यावर काही दिवसांतच ते गेले, हे एका खड्ड्यापासून दुसऱ्या खड्ड्यापर्यंतच्या वेळात कसं सांगणार?

माझं माहेर भांडुप, सासर मुलुंड, नोकरी गोवंडीच्या शिवाजीनगरात. म्हणजे जन्म, लग्न आणि पगार, तिन्ही ईशान्य मुंबई या एकाच लोकसभा मतदारसंघातलं. नकाशावर हा मतदारसंघ मुलुंडच्या चेकनाक्यापासून मानखुर्दच्या खाडीपर्यंत लांबट पसरलाय. आणि तरी रोज कामाला जाताना मला त्यातून बाहेर पडावं लागतं. मुलुंडहून गाडीनं कुर्ल्याला आले, की मी उत्तर मध्य मुंबईत. तिथं पूल चढून हार्बर पकडली, चेंबूर आलं, की दक्षिण मध्य मुंबईत. गोवंडीला उतरून शिवाजीनगरची बस धरली, की परत आपल्या घरच्या मतदारसंघात. २००८ च्या पुनर्रचनेनंतर हे असं झालं. आपल्याच मतदारसंघाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायला दोन परके मतदारसंघ ओलांडावे लागतात, हे मी अनेकदा डब्यातल्या मैत्रिणींना सांगितलंय. त्यांना त्याचं काही वाटत नाही. मला दर वेळी वाटतं.

अप्पा, म्हणजे माझे वडील, कोकणातून भांडुपला आले ते पोटासाठी. तेव्हा भांडुप म्हणजे कंपन्यांचे भोंगे. आठाचा, साडेचाराचा आणि रात्रीचा. भोंग्यावर घड्याळ लावायचं आणि भोंग्यावर कुकर उतरवायचा. अप्पा लेथवर होते. त्यांच्या शेजारच्या लेथवर एक केरळी गृहस्थ होते. लग्नं होईपर्यंत दोघं एकाच खोलीत राहिले. चाळीत सगळेच त्यांना चेट्टन म्हणायचे. ते काही त्यांचं नाव नाही, मल्याळीत थोरल्या भावाला तसं म्हणतात, पण आम्हा पोरांना ते नावच वाटायचं. चेट्टन माशाच्या आमटीत कोकम घालायला अप्पांकडून शिकले आणि अप्पा त्यांच्याकडून सकाळी काळा चहा प्यायला शिकले. गेल्या महिन्यात मी रिक्षात बसले होते ती चेट्टनना भेटायलाच. हल्ली ते मुलीकडे असतात, बर्वेनगरला.

दोघांनी पहिलं मत दिलं ते १९६२ साली. तेव्हा आमचा भाग उत्तर मुंबईत यायचा आणि ती निवडणूक साऱ्या देशाचं लक्ष लागलेली. एकीकडे संरक्षणमंत्री व्ही. के. कृष्ण मेनन, दुसरीकडे आचार्य कृपलानी. विरोधकांची घोषणा अप्पा म्हातारपणीसुद्धा चालीवर म्हणून दाखवायचे: "चिनी हमला होते हैं, मेनन साब सोते हैं, सोना है तो सोने दो, कृपलानीजी को आने दो." घोषणा विरोधकांची, पण अप्पांनी मत दिलं बैलजोडीला, म्हणजे मेननना. चेट्टननीही. मेनन लाखाहून जास्त मतांनी निवडून आले. त्याच वर्षी ऑक्टोबरात चीननं खरोखरच हल्ला केला आणि मेननना मंत्रिपद सोडावं लागलं. "आमी दोघांनी दिलेला मत," अप्पा सांगायचे, "आणि दोघांकाय रात्री झोप नाय." युद्धाच्या बातम्या ऐकताना आपण टाकलेल्या कागदाचं ओझं वाटणारी ती माणसं होती.

पुढच्या निवडणुकीला, १९६७ ला, ईशान्य मुंबई हा नवा मतदारसंघ झाला. काँग्रेसनं मेननना तिकीट नाकारलं. ते अपक्ष उभे राहिले आणि त्यांच्यासमोर काँग्रेसनं उभे केले स. गो. बर्वे. आयसीएस अधिकारी, पुणे महापालिकेचे पहिले आयुक्त. पानशेत फुटल्यावर, १९६१ च्या त्या चिखलातून पुणं पुन्हा उभं करायला सरकारनं ज्यांना पाठवलं ते बर्वे. पुणेकरांना हे सांगावं लागत नाही, जंगली महाराज रस्त्याच्या तोंडाशी त्यांच्या नावाचा चौक आहे. पुढे ते नोकरी सोडून राजकारणात आले, राज्यात मंत्री झाले. अप्पांची एक आत्या पानशेतच्या पुरात घर गमावलेली. तिला छप्पर मिळालं, आणि अप्पांच्या लेखी ते छप्पर बर्व्यांनी दिलं. त्यांचं मत ठरलेलं होतं.

पण त्या निवडणुकीत नुसते बर्वे नव्हते. शिवसेनेला जेमतेम आठ-नऊ महिने झाले होते आणि मेनन दाक्षिणात्य होते. "बजाव पुंगी, हटाव लुंगी" ही घोषणा तेव्हाची. ती भिंतींवर होती, सभांत होती, आणि कंपनीच्या गेटवर पाळी सुटताना कुणीतरी मोठ्यानं म्हणायचं आणि बाकीचे हसायचे. खोलीवर आल्यावर चेट्टन लुंगीच नेसायचे. अप्पा हे सगळं फार तपशिलात सांगत नसत. एकदाच म्हणाले होते, की त्या महिन्यात आम्ही दोघं जेवताना बोलायचो नाही, भांड्यांचा आवाज यायचा. ज्याला मत द्यायचं तो माणूस चांगला आहे हे पक्कं माहीत असूनही, त्याच्यासाठी दिल्या जाणाऱ्या घोषणा आपल्या खोलीतल्या माणसावर पडतायत, ही टोचणी अप्पांना आयुष्यभर राहिली असं मला वाटतं. बर्वे सुमारे तेरा हजार मतांनी जिंकले. मार्चमध्ये ते गेले. पोटनिवडणूक लागली, काँग्रेसनं त्यांच्या बहिणीला, तारा सप्रे यांना उभं केलं, मेनन पुन्हा उभे राहिले आणि पुन्हा हरले. नंतर मेनन बंगालातून आणि मग केरळातून लोकसभेत गेले. मुंबईत परत आले नाहीत.

हे सगळं त्या मुलाला सांगायचं होतं.

१९७१ मी पाहिलं नाही म्हणण्याइतकी लहान होते. राजाराम कुलकर्णी निवडून आले, एवढंच अप्पांच्या तोंडून ऐकलेलं. मला आठवते ती १९७७ ची. मी सात वर्षांची. डॉ. सुब्रमण्यम स्वामी. आणीबाणीत पकड वॉरंट असताना हा माणूस परदेशातून येऊन राज्यसभेत हजर झाला, दोन वाक्यं बोलला आणि पोलिसांच्या हातावर तुरी देऊन परत नाहीसा झाला, ही गोष्ट चाळीत रात्री गॅलरीत इतक्यांदा सांगितली गेली की आम्ही पोरं ती खेळायचो. एकजण स्वामी, बाकीचे पोलीस. राज्य माझ्यावर आलं की मी जिन्याखालच्या कोळशाच्या खोलीत लपायची. नांगरधारी शेतकऱ्याचं चिन्ह आम्ही गेरूनं जिथं-तिथं काढलं, चाकाचा गोल काढायला पितळी वाटी वापरायचो. भांडुपच्या पोरांनी शेतकरी पाहिलेला नव्हता, पण चित्र सुबक यायचं. दहा वर्षांपूर्वी ज्या भागात "हटाव लुंगी" झालं, त्याच भागानं एका तमिळ माणसाला डोक्यावर घेतलं. चेट्टन तेव्हा काही बोलले होते का, ते मला आठवत नाही. १९८० ला देशभर जनता पक्षाचं पानिपत झालं, तरी आमच्याकडे स्वामीच आले.

त्यानंतर आमच्या मतदारसंघानं कुणालाही लागोपाठ दोनदा पाठवलेलं नाही. १९८४ ला गुरुदास कामत. १९८९ ला जयवंतीबेन मेहता. १९९१ ला कामत. १९९६ ला प्रमोद महाजन. १९९८ ला कामत. १९९९ ला किरीट सोमय्या. २००४ ला पुन्हा कामत. माझी आई लोकरीचं विणायची, तिच्या सुयांच्या तालावर ही नावं बसतात: एक सुलट, एक उलट, एक सुलट, एक उलट. मला याचा अभिमान वाटायचा, हे मी मान्य करते. आम्ही कुणाचे मिंधे नाही, कामं केली नाहीत तर घरी बसवतो, असं मी स्टाफरूममध्ये ठणकावून सांगायची. पेपरातही तसंच यायचं, 'खासदार बदलणारा मतदारसंघ'. हा अभिमान माझ्या हातून हळूहळू कसा सुटत गेला, तेच मला खरं तर लिहायचंय.

माझं पहिलं मत १९८९ चं. त्याच वर्षी मतदानाचं वय एकवीसवरून अठरावर आलं होतं आणि मी एकोणीस वर्षांची होते. महापालिकेच्या शाळेचा वर्ग, बाकांवर खडूची भुकटी, दारात बारदानाचा पडदा. मतपत्रिका हातात आली आणि मी घाबरले, कागद मोठा आणि टेबल डुगडुगतं. आईनं घरून बजावून पाठवलं होतं: आधी उभी घडी घालायची, मग आडवी, नाहीतर शाईचा ठसा दुसऱ्याच चिन्हावर उमटतो आणि मत बाद. बाहेर रिक्षावरच्या कर्ण्यातून तेच जुनं चाललेलं असायचं, "ताई, माई, अक्का, विचार करा पक्का, अमक्यावर मारा शिक्का." शिक्का मारताना मी इतका जोर दिला की टेबल हललं. जयवंतीबेन निवडून आल्या. तारा सप्रे आणि जयवंतीबेन, सत्तावन्न-अठ्ठावन्न वर्षांत आमच्याकडून लोकसभेत गेलेल्या बायका या दोनच. २०१४ ला मेधा पाटकर उभ्या होत्या, त्यांना अठ्ठ्याहत्तर हजारांपर्यंतही मतं मिळाली नाहीत.

नव्वदचं दशक संपता संपता भोंगे बंद व्हायला लागले. आधी रात्रीचा गेला, मग साडेचाराचा. अप्पांची कंपनी कधी बंद पडली याची तारीख अशी नाही, ती बंद पडत गेली. १९९७ हे वर्ष मात्र माझ्या मनात काळ्या चौकटीत आहे. जानेवारीत पवईत डॉ. दत्ता सामंतांना गोळ्या घातल्या. घाटकोपरच्या कामगार वस्तीत दवाखाना चालवता चालवता पुढारी झालेला हा माणूस, पण १९८४ ला लोकसभेत गेला तो दक्षिण मध्य मुंबईतून. आमची माणसं दुसरीकडून निवडून यायची आणि आमच्याकडे दुसरीकडची मोठी माणसं उभी राहायची. मग ११ जुलै. घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, लोक हायवेवर आले आणि पोलिसांच्या गोळीबारात दहा जण गेले. नोकरीला लागून मला फार दिवस झाले नव्हते. माझ्या वर्गातली दोन मुलं त्यानंतर आठ दिवस शाळेत आली नाहीत. आली तेव्हा त्यांनी कारण सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. पुढच्या फेब्रुवारीत काँग्रेस, रिपब्लिकन आणि समाजवादी एकत्र लढले आणि महाजन पडले. 'पारडं फिरलं' असं छापून आलं. मला त्या दोन मुलांचे चेहरे दिसत होते. आम्ही ज्याला पारडं म्हणतो त्यात काय काय टाकलेलं असतं, ते तेव्हा पहिल्यांदा जाणवलं.

शिक्षिका म्हणजे निवडणुकीची ड्युटी आलीच. मी बहुतेक वेळा मतदान अधिकारी असते, शाई लावणारी. सकाळी साडेपाचला अभिरूप मतदान, पन्नास मतं टाकून मशीन तपासायचं, एजंटांच्या सह्या घ्यायच्या, सगळं पुसून पुन्हा शून्यावर आणायचं, मग सातला दार उघडायचं. त्यानंतर संध्याकाळपर्यंत मला माणसं दिसत नाहीत, बोटं दिसतात. डाव्या हाताची तर्जनी पुढे येते, मी नखाच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत रेघ ओढते, पुढचं बोट. मुलुंड-घाटकोपरची बोटं पाहिली आहेत, अंगठीचा वळ असलेली, क्रीमचा वास येणारी, "जरा कमी लावा" म्हणणारी. मानखुर्द-शिवाजीनगरची बोटंही पाहिली आहेत. जरीकाम करणाऱ्यांची टोकं सुईनं बारीक बारीक टोचलेली असतात, शाई त्या भोकांतून आत जाते आणि रेघ ठिपक्यांची दिसते. कचरा वेचणाऱ्या बायकांची नखं इतकी झिजलेली, की नखावर शाई लावायची ती कुठे, असा प्रश्न पडतो. एकदा एका आजीनं मला विचारलं होतं, "लगाया ना बराबर? नहीं तो बोलेंगे आई नहीं." त्यांना ती खूण हवी होती.

शिवाजीनगरात शिकवायला लागल्यापासून देवनारचं डम्पिंग ग्राउंड माझ्या खिडकीत आहे. १९२७ पासून मुंबई आपला कचरा तिथं टाकतेय. जानेवारी २०१६ मध्ये तिथं आग लागली तेव्हा धूर उपग्रहातून दिसला होता आणि आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. शाळा सुरू झाल्यावरही आठवडाभर मुलं खोकत होती, पाढे म्हणताना मधेच तुटायचे. त्या संध्याकाळी मी मुलुंडला घरी आले तर सोसायटीच्या खाली बायका म्हणत होत्या, कुठेतरी कचरा जाळतायत वाटतं, वास येतोय. कुठेतरी. तो वास आमच्याच मतदारसंघातला होता, एकाच खासदाराच्या नावानं मोजला जाणारा. मी तिथं काही बोलले नाही. त्या रिक्षात गप्प बसले तशीच.

आणि २००९.

त्या वर्षी मला ड्युटी आली नव्हती. मुंबईचं मतदान गुरुवारी, ३० एप्रिलला. शुक्रवारी महाराष्ट्र दिन, मग शनिवार, रविवार. वर्षानुवर्षं निवडणुकीत राबले, एक वर्ष सुटले, असं म्हणत आम्ही बुधवारी रात्रीच कोकणात गेलो. हापूसचे दिवस. माझ्यासारखी माणसं पुष्कळ होती, त्या दिवशी मुंबईत मतदान चाळीस टक्क्यांच्या आसपासच झालं. अप्पा भांडुपला एकटे होते, आई जाऊन तीन वर्षं झाली होती. गुडघा दुखत असूनही चालत जाऊन त्यांनी मत दिलं. दुपारी फोन केला तर म्हणाले, "गर्दी नव्हती. मास्तरणी दुसरीच होती." १६ मे ला मोजणी झाली. राष्ट्रवादीचे संजय दिना पाटील जिंकले, सोमय्या हरले. मनसेच्या शिशिर शिंदेंना दोन लाखांच्या जवळ मतं. जिंकणारा आणि हरणारा यांच्यात फरक २,९३३ मतांचा. दुसऱ्या दिवशी आंब्याची पेटी घेऊन मी भांडुपला गेले तेव्हा पेपर स्टुलावर घडी करून ठेवलेला होता. त्या आकड्याभोवती पेन्सिलीनं गोल काढलेला. अप्पा लेथवरचे, त्यांचा गोल हातानं काढलेला वाटायचाच नाही. मी तो पाहिला, त्यांनी मला पाहताना पाहिलं. मग त्यांनी विचारलं, "आंबे गोड निघाले?"

कोण जिंकायला हवं होतं हा प्रश्न त्यात नव्हता. मी कुणाला मत दिलं असतं, हे अप्पांना ठाऊक नव्हतं आणि त्यांनी कधी विचारलंही नाही.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. २०१४ ला सोमय्या तीन लाख सतरा हजारांनी आले. २०१९ ला पक्ष तोच राहिला पण उमेदवार बदलला, मनोज कोटक सव्वादोन लाखांनी आले. २०२४ ला पुन्हा उमेदवार बदलला, मिहीर कोटेचा उभे राहिले आणि आता उद्धव ठाकरेंच्या शिवसेनेतून संजय दिना पाटील २९,८६१ मतांनी जिंकले. मतदानाच्या बरोबर एक आठवडा आधी, १३ मे ला, धुळीचं वादळ आलं आणि घाटकोपरच्या छेडानगरला पेट्रोल पंपावर ते अवाढव्य होर्डिंग पडलं. सतरा माणसं गेली. पावसापासून आडोसा म्हणून लोक त्याच्या खाली उभे होते. २० मे ला, उन्हाच्या रांगेत, बोट पुढे करताना एक तरुण मला म्हणाला, "मॅडम, मी त्या पंपावर रोज गॅस भरतो. त्या दिवशी भाडं मिळालं म्हणून नव्हतो." पुढे काही बोलला नाही. रेघ ओढून घेतली आणि मशीनकडे गेला.

निकालानंतर विधानसभावार आकडे आले. मुलुंडनं एका उमेदवाराला भरभरून आघाडी दिली आणि मानखुर्द-शिवाजीनगरनं दुसऱ्याला त्याहून जास्त. माझ्या सोसायटीत त्या दिवशी सुतकी शांतता होती, शाळेच्या गल्लीत पेढे वाटले जात होते. मी दोन्ही ठिकाणी होते. पेढा तोंडात होता आणि मला अप्पांचं जेवण आठवलं, नुसता भांड्यांचा आवाज येणारं. इतकी वर्षं मी समजत होते की आमच्याकडचा माणूस विचार करतो आणि मत बदलतो. काही जण बदलतही असतील. पण दर वेळी खासदार बदलतो तो एका मनानं कूस बदलली म्हणून नव्हे. एकमेकांच्या दारात कधीही न गेलेली दोन-तीन गावं एका तराजूत टाकलेली आहेत, आणि एखाद्या वर्षी कुणीतरी आंबे आणायला गेलेलं असतं. मुलुंडमधल्या माझ्या शेजारणींनी शिवाजीनगर पाहिलेलं नाही. माझ्या विद्यार्थ्यांनी मुलुंड पाहिलेलं नाही. २०२३ ला मुलुंडमध्ये एका मराठी बाईला ती मराठी म्हणून जागा नाकारली, तो व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला, तेव्हा शेजारणी चिडून रडवेल्या झाल्या होत्या. मीही झाले. आणि मग मला चेट्टनची लुंगी आठवली, दोरीवर वाळत घातलेली, कडेची हिरवी पट्टी.

त्या संध्याकाळी बर्वेनगरला चेट्टन खुर्चीत बसले होते. सत्त्याऐंशी वर्षांचे. ऐकायला कमी येतं, पण मालवणी अजून अप्पांच्याइतकी स्वच्छ. मी त्यांना रिक्षातला किस्सा सांगितला. ते बराच वेळ हसले, मग म्हणाले, "बिल्डर! बर्व्याक बिल्डर?" आणि टेबलावरचं एक पाकीट उचलून माझ्यापुढे धरलं. पेन्शनच्या कागदांचं पाकीट, त्यांच्याच थरथरत्या अक्षरात पत्ता लिहिलेला. स. गो. बर्वे नगर, पूर्ण. "माझी मुलगी नुसता बर्वेनगर लिहिता. मी सगळा नाव लिहितंय. मी त्या माणसाच्या इरोधात मत दिलंय, दोन येळा. एकदा तो जिता असताना, एकदा मेल्यार. आता त्याच्याच नावाच्या जाग्यात रवतंय, तर नाव तरी पुरा लिवक होया."

मी विचारलं, बर्वे गेले त्या दिवशी अप्पा काय म्हणाले होते. चेट्टन थोडे पुढे सरकले. बातमी पाळी सुटताना कळली, म्हणाले. अप्पा खोलीवर येऊन कपडे न बदलता बसून राहिले. चेट्टननी काळा चहा केला. महिन्याभरानंतर दोघं प्रथम समोरासमोर बसले होते. चहा संपल्यावर अप्पा म्हणाले, "चेट्टा, आता परत मत देवचा लागतला. ह्या येळेक तुझ्या मेननाक देऊ?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"मी म्हटलंय, माका बरा वाटूचा म्हणून दिव नको. तुका वाटला तर दी."

आणि दिलं का त्यांनी?

चेट्टननी पाकीट परत टेबलावर ठेवलं, कडा टेबलाच्या कडेला नीट लावून. "ता मी कधी विचारूक नाय," ते म्हणाले. "तुझ्या बापाशीनय सांगूक नाय. त्या दिवशी सकाळी दोघय एकाच लाइनीत हुभे होतो. येताना भुरभुर पाऊस इलो आणि तेना आपली छत्री माझ्यार धरल्यान."

मी निघाले तेव्हा ते काठी टेकत जिन्यापर्यंत आले. खाली रिक्षा उभी होती, मागे दोघीजणी आधीच बसलेल्या, रिक्षावाला हाका मारत होता, स्टेशन, स्टेशन, एक सीट. मी मधे बसले. रिक्षा उताराला लागली, स्टॉपची पाटी मागे गेली, आणि शेजारच्या मुलीला मी विचारलं, "बाळा, हे बर्वे कोण होते, माहीत आहे का तुला?" तिनं एका कानातला इयरफोन काढला.